नवा भुंगेरा की नवी कीड? लांब मिशांच्या भुंगेऱ्यांच्या बातम्या बागायतदारांनी कशा वाचाव्यात

लांब मिशांच्या भुंगेऱ्याची नवी प्रजाती सापडली, अशी बातमी अधूनमधून येतच असते. सोबत ठिपकेदार भुंगेऱ्याचा मोठा केलेला फोटो असतो. तो शेतकऱ्यांच्या गटांत फिरतो आणि दोन दिवसांत प्रश्न सुरू होतात. ही कीड आपल्याकडे आली का? आंब्याला लागते का? फवारणी कोणती घ्यायची? या तीनही प्रश्नांची उत्तरे त्या बातमीत सहसा नसतात. ती का नसतात आणि ती मिळवण्यात तुमचा वाटा कोणता, हे या लेखात पाहू. उदाहरणासाठी वसई-विरार पट्ट्यातील फुलपाडा परिसर घेतला आहे, कारण बाग, जंगल आणि शहर तिथे एकमेकांना खेटून आहेत.

थोडक्यात

- विज्ञानाला नवी असलेली प्रजाती ही शेतीला नवी कीड असतेच असे नाही. बहुतेक वेळा ती कीड नसतेच.
- आपल्या बागा पोखरणारे लांब मिशांचे भुंगेरे विज्ञानाला दोन शतकांहून अधिक काळ माहीत आहेत.
- खोडकिडा नेमका कोणता, हे ओळखल्याशिवाय केलेला खर्च बहुधा वाया जातो.

'नवी प्रजाती' म्हणजे नेमके काय?

लांब मिशांचे भुंगेरे हे सेरॅम्बिसिडी या कुळातले. जगात त्यांच्या ३५ हजारांहून अधिक प्रजाती नोंदलेल्या आहेत. भारतातील प्रजातींची एक मोठी सूची २०१७ मध्ये 'झूटॅक्सा' या नियतकालिकात प्रसिद्ध झाली. तिच्यात दीड हजारांहून अधिक प्रजाती आहेत. उष्ण प्रदेशातील जंगलांत अजून नाव न मिळालेल्या प्रजाती बऱ्याच आहेत, म्हणून अशा बातम्या पुढेही येत राहतील.

नवी प्रजाती नोंदवण्याची पद्धत ठरलेली आहे. संशोधक हाती आलेला भुंगेरा जवळच्या सर्व ज्ञात प्रजातींशी ताडून पाहतो. मिशांच्या पेरांची लांबी, छातीवरच्या ढालीचा आकार, पंखकवचावरचे ठिपके व खड्डे आणि नराचे जननेंद्रिय यांतले फरक तो मांडतो. मग एक नमुना 'मूळ नमुना' म्हणून ठरवावा लागतो. प्राणिनामकरणाच्या आंतरराष्ट्रीय संहितेनुसार १९९९ नंतर दिलेल्या नव्या नावांसाठी असा नमुना स्पष्टपणे नेमणे बंधनकारक आहे. तो एखाद्या संग्रहालयात कायम जपून ठेवला जातो. पुढे कधीही शंका आली तर त्याच नमुन्याशी तुलना होते.

म्हणजे 'नवी' हा शब्द इथे कागदावरच्या नोंदीला लागू होतो. तो भुंगेरा त्या डोंगरावर हजारो वर्षे असेल, आपण त्याला नाव आता दिले इतकेच. २०२१ मध्ये मुंबई-ठाणे परिसरातून उड्या मारणाऱ्या कोळ्यांच्या दोन नव्या प्रजाती नोंदल्या गेल्या. त्यांतल्या एकीला २६/११ च्या हल्ल्यातील शहीद तुकाराम ओंबळे यांचे नाव दिले गेले. ते कोळी त्या वर्षी मुंबईत आले नव्हते, त्या वर्षी ते नीट पाहिले गेले.

आपल्या बागांतले खोडकिडे किती जुने?

कोकणात आंब्याच्या खोडकिड्याला 'भिरूड' म्हणतात. त्यांतला मुख्य भुंगेरा म्हणजे बॅटोसेरा रुफोमॅक्युलाटा. त्याच्या छातीवरच्या ढालीवर दोन नारिंगी ठिपके असतात. त्याचे वर्णन डी गेर या स्वीडिश शास्त्रज्ञाने १७७५ मध्ये केले. काजूचा 'रोठा', म्हणजे खोड व मूळ पोखरणारा भुंगेरा, लिनियसने १७५८ मध्ये नोंदवला. द्राक्षाच्या खोडात सापडणारा स्ट्रोमॅशियम बार्बाटम १७७५ मधला, तर सेलोस्टर्ना स्कॅब्रेटर १७८१ मधला. या दोघांना नाव देणारा फॅब्रिशियस. भारतातील या कुळाचा पहिला मोठा ग्रंथ सी. जे. गहान यांनी १९०६ मध्ये लिहिला, त्याआधीच आपल्या बहुतेक उपद्रवी प्रजातींना नावे मिळालेली होती.

हे असे का, याचे कारण साधे आहे. पिकावर मोठ्या संख्येने येणारा कीटक लोकांच्या डोळ्यांसमोर असतो, म्हणून तो लवकर नोंदला जातो. आज नव्याने नोंदल्या जाणाऱ्या प्रजाती बहुधा दुर्मीळ असतात. त्या एखाद्याच डोंगररांगेत किंवा एखाद्याच जंगली झाडावर जगतात. त्यांतल्या बऱ्याच वाळक्या, कुजत्या लाकडावर वाढतात आणि ते लाकूड मातीत मिसळायला मदत करतात. काहींचे भुंगेरे फुलांवर परागकण खातात. त्यांना मारून बागायतदाराला काही मिळत नाही.

मग धोका कुठून येतो?

धोका येतो तो जुन्या, ओळखीच्या प्रजातीने घर बदलल्यावर. आपल्या राज्यातले सर्वांत स्पष्ट उदाहरण द्राक्षाचे आहे. सेलोस्टर्ना हा पूर्वी बाभळीचे खोड व मूळ पोखरणारा भुंगेरा म्हणून वनखात्याला माहीत होता. स्ट्रोमॅशियम हा सुक्या लाकडातला, घराच्या वाशांत आणि फर्निचरमध्ये सापडणारा. महाराष्ट्रातल्या द्राक्षबागांचे क्षेत्र वाढले, वेली जुन्या झाल्या, छाटणीच्या जखमा आणि मेलेले लाकूड वाढले, आणि हे दोघेही वेलीच्या जित्या खोडात दिसू लागले. मांजरी येथील राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राला त्यांच्यासाठी स्वतंत्र शिफारशी द्याव्या लागल्या. भुंगेरा दोनशे वर्षे जुना, कीड मात्र नवी.

जागतिक उदाहरणही तसेच आहे. चीन-कोरियाकडचा आशियाई लांब मिशांचा भुंगेरा विज्ञानाला एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून माहीत होता. १९९६ मध्ये तो न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात रस्त्यावरच्या झाडांत सापडला आणि नंतर तिथे हजारो झाडे तोडावी लागली. तो लाकडी खोक्यांतून जहाजाने पोहोचला असे मानले जाते. अशाच अनुभवांतून लाकडी वेष्टनासाठी आंतरराष्ट्रीय नियम आला. त्यानुसार लाकूड गाभ्यापर्यंत ५६ अंश सेल्सिअसला किमान ३० मिनिटे तापवावे लागते किंवा मान्य धुरी द्यावी लागते. निर्यातीच्या खोक्यांवर दिसणारा शिक्का त्याचाच.

दोन्ही उदाहरणांचा अर्थ एकच. भुंगेरा विज्ञानाला कधी कळला, यापेक्षा लाकूड कुठून कुठे गेले, झाडे किती कमकुवत झाली आणि नवे खाद्य किती मिळाले, यावर धोका ठरतो.

फुलपाड्यात काय पाहावे?

फुलपाडा विरार पूर्वेला, जीवदानीच्या डोंगराजवळ, पापडखिंड धरणाच्या बाजूला आहे. एका अंगाला इमारती आणि चाळी, दुसऱ्या अंगाला डोंगरउतारावरची झाडी, आणि मध्ये उरलेल्या वाड्यांत आंबा, फणस, जांभूळ. थोड्याच अंतरावर तुंगारेश्वर अभयारण्य आहे. अशा जागी तीन गोष्टी एकत्र येतात.

पहिली गोष्ट म्हणजे जंगली यजमान झाडे. बॅटोसेरा फक्त आंब्यावर जगत नाही. फणस, अंजीर, उंबर, काटेसावर यांवरही तो वाढतो. तुमच्या वाडीत आंबा स्वच्छ असला तरी बांधावरची पोखरलेली सावर त्याला पुरते.

दुसरी गोष्ट म्हणजे दुबळी झाडे. भराव टाकल्याने बुंधा पुरला जातो, नाल्याची वाट बदलल्याने मुळाशी पाणी साचते, खोदकामात मुळे तुटतात. वसई-विरार पट्ट्यात रस्ते, इमारती आणि रेल्वेची कामे एकाच वेळी चालू आहेत. मुंबई-अहमदाबाद द्रुतगती रेल्वेचे एक स्थानकही विरारला आहे. अशा कामांच्या कडेला उभी राहिलेली जुनी झाडे हिरवी दिसतात, पण आतून खचलेली असतात. खोडकिड्याला असेच झाड सोपे जाते.

तिसरी गोष्ट म्हणजे तोडलेले लाकूड. ताज्या तोडीच्या लाकडाचा वास अनेक लांब मिशांच्या भुंगेऱ्यांना लांबून ओढून आणतो. मध्य प्रदेशातल्या सालवनांत १९९० च्या दशकात साल पोखरणाऱ्या भुंगेऱ्याचा मोठा उद्रेक झाला. तिथे वनखाते याच सवयीचा उपयोग करते. सालाचे ताजे ओंडके ठेचून ठेवतात, रसाच्या वासावर भुंगेरे गोळा होतात आणि ते वेचून मारतात. पण ओंडके तसेच पडून राहिले तर तेच भुंगेऱ्यांचे पाळणाघर होते. म्हणून आंबा-फणसाचे तोडलेले ओंडके पावसाळाभर वाडीत रचून ठेवू नका. सरपणासाठी हवे असतील तर फोडून, साल काढून वाळवा. पोखरलेले लाकूड दुसऱ्या गावात नेऊ नका.

पावसाळ्याच्या सुरुवातीला डोंगराकडच्या दिव्यांखाली मोठे भुंगेरे पडलेले दिसले, तर त्यावरून वाडीत कीड आली असे समजू नका. ते दिव्याकडे आलेले असतात. खरा पुरावा झाडाच्या बुंध्यावर मिळतो.

भुसा काय सांगतो?

'खोडकिडा' या एका शब्दाखाली आपण निदान चार वेगळे कीटक टाकतो. फरक असा ओळखा.

- आंबा, फणस (भिरूड): खोडावर किंवा जाड फांदीवर छिद्र, त्यातून जाड, तंतुमय भुसा आणि काळपट रस. आतली अळी पिवळसर पांढरी, बिनपायाची, डोक्याकडे रुंद, बोटाएवढी जाड. एखादी फांदी अचानक सुकते.
- काजू (रोठा): जमिनीलगत बुंध्यावर आणि उघड्या मुळांवर बारीक छिद्रे, डिंक आणि भुसा. पाने पिवळी पडून गळतात. झाड काही महिन्यांत मरू शकते.
- चिकू, जांभूळ, आंबा (साल खाणारी अळी): खोडावर भुसा व विष्ठेची रेशमी, नागमोडी जाळी. ही पतंगाची अळी आहे, भुंगेऱ्याची नाही. तिला पाय असतात.
- नारळ: शेंड्यात त्रिकोणी कातरलेली पाने म्हणजे गेंड्या भुंगा. खोडातून तपकिरी रस आणि चघळल्यासारखा चोथा म्हणजे सोंड्या भुंगा. यांचा लांब मिशांच्या भुंगेऱ्यांशी संबंध नाही.

नाव चुकले की वेळही चुकते

आंब्याच्या भिरुडाचे भुंगेरे मुख्यतः पावसाळ्याच्या सुरुवातीपासून बाहेर पडतात आणि सालीत चिरा पाडून अंडी घालतात. काजूच्या रोठ्याचा अंडी घालण्याचा मुख्य काळ हिवाळ्यापासून उन्हाळ्याअखेरपर्यंत असतो. द्राक्षातले भुंगेरे पहिल्या पावसानंतर दिसतात. म्हणजे जूनमध्ये काजूच्या बुंध्याला घाईघाईने काहीतरी फासणाऱ्याची अंडी घालण्याची वेळ उलटून गेलेली असते, आणि जानेवारीत आंब्यावर फवारणाऱ्याची अळी आत खोलवर असते, तिथपर्यंत औषध पोहोचत नाही. पानांवर फवारणी करून खोडातली अळी मरत नाही, ही गोष्ट तिन्ही पिकांना लागू आहे.

नावाच्या गोंधळाचा आणखी एक तोटा आहे. रोठ्याचे शास्त्रीय नाव जुन्या पुस्तकांत प्लोकेडेरस फेरुजिनियस असे आहे, नव्या लेखनात निओप्लोकेडेरस फेरुजिनियस. कीटक तोच आहे. दोन नावे पाहून दोन किडी समजू नका.

मात्र त्या जुन्या पुस्तकांतली औषधे तशीच वापरू नका. काजूच्या रोठ्यासाठी पूर्वी कार्बारिल सुचवले जाई. त्यावर देशात २०१८ मध्ये बंदी आली. आंब्याच्या छिद्रात घालण्यासाठी सुचवले जाणारे डायक्लोरव्हॉस ३१ डिसेंबर २०२० पासून बंद आहे. कुणी जुना साठा देऊ केला तरी घेऊ नका. सध्या लेबलवर त्या पिकासाठी मान्यता असलेलेच औषध कृषी विज्ञान केंद्राला विचारून वापरा.

औषधाविना होणारे काम आधी करा:

1. छिद्राभोवतीचा भुसा खरवडून काढा. दुसऱ्या दिवशी ताजा भुसा दिसला तर अळी जिवंत आहे.
2. टोकाला आकडा केलेली तार आत घालून अळी ओढून काढा किंवा चिरडा.
3. तार पोहोचत नसेल तर रॉकेल किंवा पेट्रोलमध्ये भिजवलेला कापसाचा बोळा आत ढकलून छिद्र ओल्या चिखलाने लिंपा. आठ दिवसांनी पुन्हा पाहा. हे करताना जवळ विडी, काडी नको.
4. काजूत बुंध्याची किडलेली साल धारदार पटाशीने काढून अंडी, अळ्या वेचा. निरोगी झाडांच्या बुंध्याला व उघड्या मुळांना ५ टक्के निंबोळी तेल फासा.
5. काजूच्या बुंध्याची निम्म्याहून अधिक गोलाई पोखरली गेली असेल तर ते झाड सहसा वाचत नाही. ते मुळासकट काढा, फोडा आणि जाळा. असे एक झाड ठेवणे म्हणजे शेजारची दहा झाडे धोक्यात घालणे.

प्रजातीच्या वर्णनात काय कमी असते?

आता पुन्हा बातमीकडे येऊ. नव्या प्रजातीचे वर्णन पुष्कळदा मोजक्या नमुन्यांवरून, कधी एकाच भुंगेऱ्यावरून केलेले असते. तोही दिव्यावर आलेला असू शकतो. तेव्हा भुंगेरा कसा दिसतो हे कळते, पण त्याची अळी कोणत्या झाडात वाढते, किती महिने आत राहते, जित्या लाकडात की मेलेल्या, हे कळत नाही. शेतीच्या दृष्टीने महत्त्वाचे तेवढेच असते.

ही माहिती लाकडातून मिळते आणि लाकूड तुमच्याकडे आहे. आंबा, जांभूळ, काटेसावर, शिरीष अशा झाडांची पोखरलेली फांदी तोडावी लागली तर तिचा हातभर तुकडा वेगळा ठेवा. तो पत्र्याच्या डब्यात किंवा पिंपात घालून तोंडाला बारीक लोखंडी जाळी घट्ट बांधा. सावलीत ठेवा, लाकूड अगदी कोरडे पडू देऊ नका. काही महिन्यांत भुंगेरा बाहेर येतो. मग त्याच्यासोबत झाडाचे नाव पक्के जोडलेले असते. दिव्याखालच्या दहा भुंगेऱ्यांपेक्षा असा एक भुंगेरा जास्त माहिती देतो.

नमुना पाठवताना एवढे करा:

- भुंगेरा डबीत घालून एक दिवस फ्रीजरमध्ये ठेवा, मग कागदात सैल गुंडाळा. मिशा आणि पाय तुटू देऊ नका, ओळख त्यांवरच होते.
- अळी थोडा वेळ गरम पाण्यात ठेवून मग ७० ते ८० टक्के अल्कोहोलमध्ये ठेवा.
- चिठ्ठीवर पेन्सिलीने गाव, तारीख, झाड, झाडाचा कोणता भाग, आणि झाड जिते होते की मेलेले, हे लिहा. चिठ्ठीशिवाय नमुन्याला किंमत नाही.
- फोटो वरून, बाजूने आणि छिद्र-भुशासह असे तीन काढा.

पालघर जिल्ह्यात यासाठी पहिला संपर्क डहाणूजवळच्या कोसबाड हिल येथील कृषी विज्ञान केंद्राशी करा. पुढची ओळख दापोलीचे कोकण कृषी विद्यापीठ, भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्थेचे पुण्यातील केंद्र किंवा बेंगळुरूची राष्ट्रीय कृषी कीटक संसाधन संस्था यांच्यामार्फत होऊ शकते.

दोन कायदेशीर गोष्टी ध्यानात ठेवा. तुंगारेश्वरसारख्या अभयारण्यातून परवानगीशिवाय कीटक किंवा लाकूड उचलू नका. आणि जैवविविधता कायदा, २००२ नुसार नवी प्रजाती सापडल्यास तिची माहिती व नमुना नेमून दिलेल्या संस्थेकडे द्यावा लागतो. नमुने परस्पर परदेशी पाठवू नका.

विस्तार कार्यकर्त्यांसाठी: बातमी आली की पाच प्रश्न

1. प्रजाती नवी आहे, की ज्ञात प्रजाती नव्या जागी सापडली आहे? दुसरी बातमी शेतीसाठी जास्त गंभीर असते.
2. यजमान झाड नोंदले आहे का? ते आपल्या पिकाच्या जवळचे आहे का?
3. अळी जित्या लाकडात सापडली की मेलेल्या?
4. किती नमुने, कोणत्या महिन्यात, कोणत्या उंचीवर मिळाले?
5. आपल्या भागात तसा भुसा, तशी छिद्रे खरोखर दिसतात का?

पहिल्या तीन प्रश्नांची उत्तरे बातमीत नसतील तर गावात फवारणीचा संदेश पाठवू नका. त्याऐवजी एका सकाळी वाड्यांतून फिरून बुंधे तपासा. दिव्याखाली पडलेला नवा भुंगेरा दिसला तर त्याचा फोटो घ्या आणि नोंद करा, पण बुंध्यावर ताजा भुसा दिसला तर त्याच दिवशी तार घेऊन कामाला लागा. तीस-चाळीस वर्षांचे आंब्याचे झाड वाचवण्याची वेळ तीच असते.